बसण्याची रंगीत तालीम

मनुष्याला सेवेतून वेळेआधी मुक्त व्हावेसे का वाटते, या प्रश्नाचा विचार करणाऱ्यांनी अनेक कारणे सांगितली आहेत. कोणी प्रकृतीचे नाव घेतो, कोणी गुराढोरांचे, कोणी नातवंडांचे. क्वचित एखादा ईश्वराचेही. राजधानी गॅबोरोन येथील एका सरकारी कार्यालयात विंधन विहिरींचे परवाने देणारे वरिष्ठ अधिकारी मोदिरी मोलाले यांचे कारण या सर्वांहून निर्मळ होते. त्यांना बसायचे होते.

कार्यालयात ते वर्षानुवर्षे बसलेलेच आहेत, हा आक्षेप त्यांच्या पत्नीने, सेगामेत्सीबाईंनी, तत्काळ घेतला. आणि वरवर पाहता तो बिनतोड होता. परंतु बसण्याबसण्यात भेद आहे. कार्यालयात बसलेल्या मनुष्यासमोर सदैव कोणी तरी उभे असते, आणि त्या उभ्या मनुष्याच्या ओठांवर एक प्रश्न असतो. माझ्या विहिरीचे काय झाले? शेजाऱ्याला पाणी लागले, मला परवाना कधी? प्रश्न रास्तच असत. कोरड्या मुलुखात तहानलेली गुरे घेऊन उभ्या असलेल्या मनुष्याने दुसरे काय विचारावे? मोदिरींचे म्हणणे इतकेच होते की उत्तरे देण्याची शक्ती विधाता प्रत्येकाला बेताचीच देत असावा, आणि आपल्या वाट्याची आता संपत आली आहे. पन्नाशी अजून दिसत नव्हती, तरीही स्वेच्छेने निवृत्त होण्याचा अर्ज त्यांनी मनात पुष्कळदा लिहून पुरा केला होता.

"अहो, खोराताचे बाबा," एका संध्याकाळी शाळेच्या वह्यांचा गठ्ठा बाजूला सारून सेगामेत्सीबाई म्हणाल्या, "गावी जाऊन तुम्ही नेमकं काय करणार?"

"बसणार."

"ते कळलं. बसून काय करणार?"

"तिथंच तुझी गफलत होते. बसून काही करायचंच असतं तर इथं काय वाईट होतं?"

सेगामेत्सीबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. पोरांच्या कोलाहलात आयुष्य गेल्यामुळे कोणताही प्रश्न परीक्षेवाचून सोडवायचा नाही, अशी त्यांच्या बुद्धीची घडण झाली होती. त्या म्हणाल्या, "असं करा. महिनाभर रजा घ्या. लेत्सोपानेला जा आणि बसून दाखवा. शेवटच्या शनिवारी मी येते. तुम्ही खरंच विसावलेले दिसलात, तर अर्जाला माझी ना नाही. मीही मागोमाग येईन. नाही दिसलात, तर साठीपर्यंत हा विषय काढायचा नाही."

मोदिरींनी ही अट इतक्या आनंदाने मान्य केली की बाईंना किंचित शंका आली. बसण्याच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला मनुष्य त्यांच्या पाहण्यात नव्हता.

लेत्सोपाने हे त्यांचे मूळ गाव. तेथे त्यांचे आईवडिलांच्या मागे राहिलेले घर होते, स्वच्छ सारवलेले अंगण होते, आणि अंगणात मोत्लोपीचे एक सदा हिरवे, दाट सावलीचे झाड होते. पावसाला अजून अवकाश असल्याने ऊन चांगलेच तापले होते. मोदिरींनी मोटारीतून कापडी घडीची खुर्ची काढली, सावलीच्या बरोबर मध्यभागी मांडली, तिच्यात अंग सोडले, डोळे मिटले. आणि कुंपणापलीकडून आवाज आला.

"आलास?"

शेजारचे केबोनांग आजोबा होते. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी आपले उर्वरित आयुष्य कुंपणाला वाहिले होते.

"आलो, आजोबा."

"कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग लग्न कोणाचं?"

"लग्नही नाही. असाच आलो. बसायला."

आजोबांनी या उत्तराचे सर्व बाजूंनी परीक्षण केले. महिन्याच्या मध्यावर, ना मर्तिक ना मंगलकार्य, धडधाकट नोकरदार गावी येतो आणि झाडाखाली डोळे मिटून पडतो, ही घटना त्यांच्या दीर्घ अनुभवात बसेना. अखेर ते हलक्या आवाजात म्हणाले, "बरं बरं. देव बघेल. बायकोला सांगितलंयस का?"

संध्याकाळपर्यंत मोदिरी मोलाले यांना असाध्य व्याधी जडल्याचे गावभर झाले. माणसे आपापल्या खुर्च्या घेऊन समाचाराला आली. पाद्रीबुवांनी दीर्घ प्रार्थना केली आणि तिच्यात मोदिरींचा उल्लेख काहीसा भूतकाळात केला. मोसिदी आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, त्यांच्या कपाळाला हात लावून बराच वेळ उभी राहिली. नात्यातल्या प्रत्येकाच्या जन्माला, लग्नाला आणि मृत्यूला ती जातीने हजर असे, आणि तिच्या संमतीवाचून यांपैकी काहीही पार पडल्याचे कोणाला आठवत नव्हते.

"कुठं दुखतंय, पोरा?"

"कुठंच दुखत नाही, आत्या."

"तेच वाईट. म्हणजे दुखणं आत गेलंय."

पुढे कोणी तरी त्यांना बकरीचे कुटलेले मांस चवीने खाताना पाहिले आणि व्याधीचे मत मागे पडले. मग नोकरीवरून काढून टाकल्याचे मत पुढे आले. तेही मोटार अजून दारात आहे असे पाहून दुर्बळ झाले. शेवटी गावाला सत्य सापडले, आणि मोदिरींच्या दृष्टीने तेच सर्वांत भयंकर ठरले. मोदिरी निरोगी होते आणि रिकामे होते.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. मोदिरींना तीन बहिणी होत्या, आणि तिघींची घरे मुलाबाळांनी गजबजलेली होती. मामावाचून आमच्याकडे काडी हलत नाही. भाचीची मागणी मामाने ऐकायची, भाच्याची मागणी मामाने घालायची, तंट्यात मामाने उभे राहायचे, आणि त्याचा मान म्हणून कार्यात कापलेल्या बैलाचे मस्तक मामाला मिळायचे. इतकी वर्षे मोदिरी कामावर असल्यामुळे ही मस्तके दूरचे चुलतभाऊ मुकाट्याने खात आले होते. कर्तव्ये मात्र कोणी खाल्ली नव्हती. ती सर्व जशीच्या तशी, मामाची वाट पाहत राहिली होती.

"बावीस वर्षं 'मोदिरी कामावर आहे' असं मीच सांगत आले सगळ्यांना," आत्या म्हणाली. "आता काय सांगू? मोदिरी बसलाय म्हणून सांगू?"

तेव्हा मोदिरी उठले. भल्या पहाटे थंडगार वाळूवर पाय पसरून परक्या घरच्या मंडळींसमोर भाच्यासाठी मागणी घालायला बसले. हेही बसणेच होते, पण त्यांच्या मनातले नव्हे. गावात एक मृत्यू झाला. अक्षर चांगले म्हणून मर्तिकाच्या व्यवस्थेचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले, आणि पाठ बळकट म्हणून खड्डा खणण्याचे फावडेही. मधल्या वेळात विहिरीवाले येत. राजधानीत त्यांना क्रमांक घेऊन थांबावे लागे. येथे ते सरळ अंगणात येत, नमस्कार करत, प्रकृती विचारत, स्वतःची सांगत, आणि मग अत्यंत नम्रतेने म्हणत, "मोदिरीसाहेब, तुम्ही मोकळेच आहात म्हणून म्हटलं..."

कार्यालयाला निदान दार होते. लेत्सोपानेत दार आहे, पण ते लावून बसलेल्या मनुष्याबद्दल काय बोलले जाते हे मोदिरी बालपणापासून जाणून होते.

"तू आपल्या गुरांच्या वाडीवर जा," केबोनांग आजोबांनी सल्ला दिला. "तिथं माणूस नाही, काणूस नाही. माझ्या आयुष्यातली सगळी झोप मी तिथंच झोपलोय."

मोदिरी गेले. वाडी दूर रानात होती. शांतताही खरोखर अपूर्व होती. ते पोहोचले आणि पाणी उपसण्याचे इंजिन बंद पडले. गुराखी सुटा भाग आणायला गेला तो तिकडचाच झाला. मोदिरींनी रानातल्या एकुलत्या एका सावलीत खुर्ची टाकली. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले, तेव्हा समोर सर्व गुरे अर्धवर्तुळाकार उभी होती आणि त्यांच्याकडे एकटक पाहत होती. ती दृष्टी मोदिरींना परिचित होती. माझ्या पाण्याचे काय झाले, हेच ती विचारत होती. आणि या खेपेला अर्जात त्रुटी आहे असे सांगून भागण्यासारखे नव्हते. तेलाने माखलेले, हाताला फोड आलेले मोदिरी परतले, तेव्हा आजोबा कुंपणाशीच होते.

"झोप लागली का छान?"

"आजोबा, मला भिंत बांधायचीय," मोदिरी म्हणाले. "उंच. आणि फाटक. आतून कडी असलेलं."

भिंतीसाठी जमिनीच्या कार्यालयाची अनुमती लागत असे. तेथील तरुण कारकून अतिशय सुशील होता. त्याने मोदिरींना बसायला खुर्ची दिली, हवापाण्याची चौकशी केली, आणि सांगितले की प्रस्तावित भिंतीखालून जलवाहिनी जात नाही, असा विंधन विहिरींच्या कार्यालयाचा दाखला तेवढा जोडावा लागेल.

"तो दाखला मीच देतो," मोदिरी म्हणाले. "माझीच सही असते त्याच्यावर. द्या, इथंच करतो."

"पण साहेब, तुम्ही रजेवर आहात ना?"

"आहे."

"मग रजेवरच्या अधिकाऱ्याची सही कशी चालेल? तुमच्या जागी जे काम बघतात त्यांची आणा."

"माझ्या जागी कोणी बघत नाही. मी परत गेल्यावर मीच बघणार आहे."

"मग तसं करा ना साहेब," कारकून आनंदाने म्हणाला. "तुम्ही कामावर रुजू व्हा, सही करा, आणि परत रजेवर या."

दुसऱ्यांना हेच उत्तर याच गोड स्वरात आपण किती वेळा दिले असेल, याचा विचार मोदिरींनी परतीच्या वाटेवर कटाक्षाने टाळला.

शेवटचा शनिवार जवळ येत चालला होता. आरशातला चेहरा रजेवर येण्यापूर्वीच्या चेहऱ्याहून दशकाने वडील दिसत होता. परीक्षा हातची जात होती. अशा अवस्थेत मनुष्याच्या बुद्धीला जे सुचते ते मोदिरींना सुचले. घरामागे सरपणात एक लांब, सरळ ओंडका पडला होता. एका सकाळी, गाव जागे होण्यापूर्वी, त्यांनी तो आणला आणि घराच्या उंबऱ्यापुढे आडवा टाकला.

बाळंतिणीच्या दारी असे लाकूड टाकण्याची आमची जुनी चाल आहे. ते पडले की आत कोणी पाऊल टाकत नाही. पुरुष तर नाहीच. रस्त्यावरून जाणाराही आवाज उतरवून जातो. जवळच्या बायका येतात, आंबील आणि सरपण ठेवून जातात. आई आणि मूल निवांत पडून असतात, आणि त्यांच्याकडे कोणी काही मागत नाही. मोदिरींचा तर्क असा होता की लाकूड 'आत येऊ नका' एवढेच सांगते, आणि 'का' हे विचारण्याचा उद्धटपणा कोणी करीत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. विचारण्याची गरजच नसते, कारण उत्तर सर्वांना ठाऊक असते, हा तिसरा मुद्दा मात्र त्यांच्या नजरेतून निसटला.

तो दिवस मात्र अवर्णनीय गेला. कोणीही आले नाही. मोदिरींनी खुर्ची घरातल्या खिडकीशी ओढली, आणि मोत्लोपीची सावली अंगणाच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत सरकताना आरंभापासून शेवटपर्यंत पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्याबाहेर ज्वारीच्या आंबिलीचे झाकलेले भांडे होते. दुपारी दुसरे आले, आणि सरपणाची मोळी. मग एक लहानसे विणलेले टोपडे. मोदिरी ते हातात घेऊन विचार करीत होते, तोच राजधानीत विद्यापीठात शिकणाऱ्या त्यांच्या मुलीचा, खोराताचा, फोन आला.

"बाबा, एक विचारू? मला मुलगा झाला की मुलगी?"

"काय?"

"नाही, सकाळपासून सगळं गाव मला अभिनंदन पाठवतंय. म्हटलं आपल्यालाही माहीत असलेलं बरं. माझी परीक्षा चाललीय, बाळंतपण मधे कधी झालं ते लक्षातच आलं नाही माझ्या."

"खोराता, ऐक, ते लाकूड..."

"बाप कोण यावर दोन गट पडलेत म्हणे. बाबा, मी पुढच्या वर्षी त्याच गावात लग्नाची मागणी घेऊन माणसं आणणार आहे. ती आली की गाव त्यांना काय सांगेल?"

"मी आत्ताच्या आत्ता काढतो ते लाकूड," मोदिरी म्हणाले, आणि खरोखर उठून उंबऱ्याकडे गेले. तेवढ्यात कुंपणापलीकडून केबोनांग आजोबांचा दबका, कळवळलेला आवाज आला.

"अरे, हात लावू नकोस! एवढ्यात लाकूड काढलंस तर त्याचा अर्थ काय होतो माहीत नाही तुला? गाव रडायला येईल. माझी खुर्ची आणि काळा कोट तर तयारच असतो. आणि तू आत काय करतोयस? बाळंतिणीच्या घरात पुरुष? आधी खिडकीतून बाजूला हो!"

तेव्हापासून मोदिरी मोलाले, वरिष्ठ अधिकारी, स्वतःच्याच घरात खिडकीखालून वाकून चालू लागले. लाकूड ठेवले तर मुलीची अब्रू जात होती. काढले तर नसलेल्या नातवाचे सुतक येत होते. मोसिदी आत्या लाकडाबाहेर उभी राहून दिवसातून अनेकदा खणखणीत आवाजात सूचना देई. नुकतीच मर्तिकाला जाऊन आल्यामुळे तिला तान्ह्याजवळ जायला चालत नव्हते, आणि हा या संपूर्ण प्रकरणात मोदिरींना लाभलेला एकमेव दैवी आधार होता.

"पोरी, गार पाणी प्यायचं नाही! पोट बांधून घ्यायचं! आणि बाळ इतकं गप्प कसं गं? रडू दे त्याला, छाती मोकळी होते!"

आत मोदिरी भिंतीला पाठ लावून बसले होते. रडावेसे तर त्यांना वाटतच होते.

सेगामेत्सीबाईंकडून एवढाच निरोप आला होता: शनिवारी येते.

आणि त्या आल्या. बसमधून उतरून, खांद्याला पिशवी लावून, धुळीने भरलेल्या. अंगणाच्या तोंडाशी बायका जमलेल्याच होत्या; आत्याने आनंदाची किलकारी अशी दिली की शेजारच्या कोंबड्या छपरावर गेल्या.

"आजी झालीस गं, सुनबाई! आणि आम्हाला एका शब्दानं कळवलं नाहीस!"

सेगामेत्सीबाईंनी लाकडाकडे पाहिले. आंबिलीच्या भांड्यांकडे, सरपणाच्या राशीकडे पाहिले. मग खिडकीच्या पडद्याच्या कडेला दिसणाऱ्या एका डोळ्याकडे पाहिले. दीर्घ संसारात त्यांना तो डोळा पुष्कळ प्रसंगी असाच दिसलेला होता. त्या एवढेच म्हणाल्या, "आत जाऊन बघते."

"पायाची धूळ झटक आधी!" आत्या ओरडली.

आत काळोख होता आणि गारवा होता.

"बाळ कुठंय?" बाईंनी विचारले.

"तुझ्यासमोर उभं आहे," मोदिरी म्हणाले.

बाईंनी पिशवी खाली ठेवली. "मला आता तुमच्याशी भांडायचंय. नीट, सावकाश, पहिल्यापासून. पण सकाळपासून मी उभ्यानं प्रवास करतेय, म्हणून आधी जरा टेकते."

त्या चटईवर टेकल्या. बाहेरून आत्याने ताजी आंबील आत सरकवली आणि आजीबाईने प्रथम पोटभर खावे, अशी आज्ञा केली. बाईंनी ती खाल्ली. मग "पाच मिनिटं डोळे मिटते, मग बघते तुमच्याकडे," असे म्हणून त्या आडव्या झाल्या.

दुपार झाली. त्यांचा फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. त्यांनी कूसही बदलली नाही. मोदिरी भिंतीशी बसून होते. दिवसाउजेडी झोपलेली पत्नी आपण कधी पाहिली होती, हे ते आठवू लागले आणि त्यांना आठवेना. खोराताचा जन्म राजधानीत झाला होता; रुग्णालयातून घरी आलेली सेगामेत्सी काही आठवड्यांतच फळ्यापुढे उभी राहिली होती, आणि त्या वेळी 'शाळेला किती सोयीचं झालं' असे आपण म्हणालो होतो. लवकर निवृत्त होण्याचा विचार इतकी वर्षे करताना आपल्या घरात आणखी एक मनुष्य थकलेला असेल ही शंकाही आपल्याला आली नाही, याचे त्यांना त्या शांततेत मोठे आश्चर्य वाटले.

उन्हे उतरल्यावर बाईंनी डोळे उघडले.

"कोणी आलं नाही?"

"इथं कोणी येत नाही."

बाई बराच वेळ गवती छपराकडे पाहत पडून राहिल्या. "असं का," त्या म्हणाल्या. पुन्हा बऱ्याच वेळाने त्या उठून बसल्या आणि त्यांच्या आवाजात शाळा परत आली. "उठा. खोसींकडे जा आणि खरं काय ते सांगा. माझ्या मुलीच्या नावावर हे बाळ उद्याच्या पलीकडे राहता कामा नये."

खोसी लेबांग हे गावाचे प्रमुख. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी चावडी बोलावली. पुरुष आपापल्या ठेंगण्या खुर्च्या घेऊन आले, बायका चटयांवर बसल्या. मोदिरी टोपी हातात धरून मध्यभागी उभे राहिले आणि त्यांनी सर्व सांगितले. मूल नाही; बाळंतीण नाही; खोराता परीक्षा देत आहे; लाकूड मी टाकले.

चावडीत कुजबुज उठली. आत्याने डोळ्यांना शालीचा पदर लावला. तो दुःखाने लावला की संतापाने, हे समजेना.

"का?" खोसींनी विचारले. "लबाडीला काही कारण असतं. चोरी लपवायची होती? बाई ठेवली होतीस?"

"नाही, खोसी. मला बसायचं होतं."

"बसायला कोण नाही म्हणतं? सगळेच बसलेत."

"असं नाही. कोणी काही विचारणार नाही, असं."

यावर चावडी हसेल, अशी मोदिरींची अपेक्षा होती. कोणी हसले नाही. खोसी लेबांग आपल्या काठीच्या टोकाकडे पाहत राहिले. ते तिसाव्या वर्षापासून खोसी होते, आणि त्यांच्या अंगणात पहाटेपासून माणसे असत.

"मग," त्यांनी आवाज खाली आणून विचारले, "जमलं का?"

"एक दिवस जमलं."

"कसं असतं ते?"

सगळ्या खुर्च्या थोड्या पुढे सरकल्या. मोदिरींनी सांगितले की मोत्लोपीची सावली सकाळी कुंपणाकडे असते. ती आखडत आखडत खोडापाशी येते. तिथे ती थोडी थांबते. मग दुसऱ्या बाजूने पसरायला लागते आणि संध्याकाळी भिंतीवर चढते.

"आणि मग?" केबोनांग आजोबांनी न राहवून विचारले.

"मग काही नाही, आजोबा. अंधार पडतो."

चावडीभर एक दीर्घ निःश्वास फिरला. बायकांच्या बाजूने तो अधिक लांब आला.

खोसींनी घसा साफ केला आणि दंड सांगितला: एक बोकड, आजच, सर्व गावासाठी. मोदिरींनी मान लववली. प्रश्न मिटला, असे वाटून पुरुष उठू लागले, तेव्हा मोसिदी आत्या उभी राहिली.

"बोकडानं पुरुषांचं भागलं. आमचं काय? आम्ही बाळंतिणीसाठी आंबील रांधली. बाळंतिणीच्या नावानं उंबऱ्यावर ठेवलेलं अन्न परत नेता येत नाही, आणि टाकलेलं लाकूड महिना पुरा झाल्याशिवाय उचलता येत नाही. आपल्या आयांनी कधी असं केलं नाही. आत कोणी तरी निजलंच पाहिजे."

"पण बाळंतीण नाही, आत्या," खोसी म्हणाले.

"आहे." आत्याने चटईवर बसलेल्या सेगामेत्सीबाईंकडे बोट दाखवले. "ही खोराताला तिकडं शहरात बाळंत झाली. तिच्या दारी कोणी लाकूड टाकलं? कोणी आंबील दिली? ही उठून शाळेत गेली आणि आपण सगळे गप्प बसलो. या घराच्या सुनेचं एक बाळंतपण आपल्याकडे राहिलंय. लाकूड खोटं नाही. उशिरा पडलंय इतकंच."

खोसींनी वृद्धांशी मसलत केली. असा प्रसंग कोणाच्या ऐकिवात नव्हता. पण त्याविरुद्ध बोलणारा नियमही कोणाला सापडेना. मोदिरींची लबाडी धुऊन निघत होती, खोराताचे नाव उजळत होते, आणि आंबील वाया जात नव्हती. इतकी सोय करणारा निवाडा नाकारणे शहाणपणाचे दिसले नाही. खोसींनी सेगामेत्सीबाईंना विचारले, "सुनबाई, तुझं काय म्हणणं?"

"मोठ्यांच्या शब्दाबाहेर मी नाही," बाई म्हणाल्या. इतकी वर्षे त्या सासरी येत होत्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून गावाने प्रथमच ऐकले.

दुपारी बोकडाचे जेवण झाले. मोदिरींची रजा संपत होती. त्यांनी मोटारीत आपले सामान भरले, घडीची खुर्चीही भरू लागले, तेव्हा बाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"ही राहू दे इथं."

"मग महिन्यानं घ्यायला येतो तुला," मोदिरी म्हणाले.

"दर शनिवारी या. साखर, चहा, साबण आणा. लाकडाबाहेर ठेवा. मी मुख्याध्यापिकांशी फोनवर बोललेय. आधी रजा, आणि मग अर्ज."

"कसला अर्ज?"

"लवकर निवृत्तीचा. माझा."

मोदिरी मोटारीचे दार धरून उभे राहिले. "आणि माझा?"

"तुमची परीक्षा झाली, खोराताचे बाबा. निकालही चावडीवर लागला." त्यांचा स्वर कठोर नव्हता. त्यांनी पुढे होऊन नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर नीट केली. "दोघांपैकी एकाचा तरी पगार चालू राहायला हवा ना?"

मागून आत्याचा आवाज आला. बाळंतिणीने इतका वेळ उन्हात उभे राहायचे नसते, असे ती सांगत होती. बाई वळल्या. मोदिरींनी मोटार सुरू केली आणि वाळूच्या रस्त्यावर जरा घाईनेच पुढे काढली. तेव्हा सेगामेत्सीबाईंनी दारातून हात हलवून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा प्रेमळ आवाजात सांगितले:

"अहो, सावकाश चालवा! साठीपर्यंत पोहोचायचंय तुम्हाला!"